शून्य मिळालं, पेढे वाटा!

ऐकलंत का? नाही ऐकलं? तीच तर बातमी आहे! हिंजवडीपासून खराडीपर्यंत सध्या कुणालाच काही ऐकू येत नाही. व्हर्जिनियातल्या सर्व्हरवर मध्यरात्री स्क्रिप्ट आपटते, आपटल्याचा आवाज तिथल्या तिथे गिळते, आणि सकाळी इकडे पुण्यात डॅशबोर्ड बघावा तर हिरवागार. मॅनेजर खूश, क्लायंट खूश, स्टँडअप चहा गार व्हायच्या आत आटोपलेला. चुका काय, पूर्वीही व्हायच्या आणि लोक त्या लपवायचेही. पण लपवताना निदान कानकोंडे तरी व्हायचे. आता चूक लपवण्याची रीतसर टूम निघाली आहे. आणि टूम म्हटली की शेजारच्या टीमनं केलं, मग आपण का मागे राहायचं?

कुठलीही शेल स्क्रिप्ट उघडा आणि ओळी संपतात तिथे बघा. दोन उभ्या रेघा आणि पुढे 'ट्रू'. अर्थ एवढाच, की आधीची कमांड फसली तरी वर 'झालं' म्हणून सांगायचं. दारात येणारा नंदीबैल आठवतोय? पाऊस पडेल का, हो. मुलगा पास होईल का, हो. बॅकअप झाला का, तर तेही हो! अन्सिबल, म्हणजे एकाच वेळी अनेक सर्व्हर हाकायचं हत्यार, ते वापरणाऱ्यांकडे तर साक्षात गाय आहे. मशीनवर काउसे नावाचा गमतीचा प्रोग्राम असला, तर अन्सिबल आपली कामं स्क्रीनवर गायीच्या तोंडून वदवतं. आणि त्याच अन्सिबलच्या प्लेबुकात, म्हणजे कामांच्या यादीत, जागोजाग 'इग्नोर एरर्स: येस' लिहून ठेवलेलं. गाय बोलते, आपण हात जोडायचे.

या घराण्याचे रीतिरिवाज ठाऊक नसतील तर थोडं आतलं सांगते. युनिक्सच्या जगात प्रत्येक कमांड जाताजाता एक आकडा ठेवून जाते, त्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य आला तर पास, बाकी काहीही आलं तर नापास. हो, शून्य मिळालं की पेढे! १२७ आला तर कमांड सापडलीच नाही. १२६ आला तर सापडली, पण चालवता आली नाही. १३० म्हणजे कुणीतरी कंट्रोल-सी दाबून मध्येच उठवलं. १३७ म्हणजे बळजबरीनं संपवलं, आणि पुष्कळदा मेमरी पुरेना म्हणून खुद्द कर्नलनंच गळा दाबलेला असतो. या आकड्याला जागा एका बाइटची, म्हणजे मजल २५५ पर्यंत. आता एखाद्या उत्साही माणसानं 'किती फायली फसल्या' हा आकडाच एक्झिट कोड म्हणून दिला आणि नेमक्या २५६ फायली फसल्या, तर काटा फिरून शून्यावर! अडीचशेच्या वर फायली गेल्या आणि निकाल काय, तर पास. बोला आता.

दूरच्या मशीनवर काम करायचं तर मध्ये एसएसएच येतं. १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी ते लिहिलं, दोन मशीनमधलं बोलणं तिसऱ्यानं चोरून ऐकू नये म्हणून. आपल्या लोकांनी 'ऐकू नये' तेवढं मनावर घेतलं! एसएसएच स्वतः बिचारं सरळमार्गी. पलीकडच्या कमांडचा एक्झिट कोड जसाच्या तसा अलीकडे आणून देतं. लाइन तुटली, ओळख पटली नाही, असं त्याचं स्वतःचं काही बिनसलं तर २५५ देतं. पण पलीकडच्या स्क्रिप्टनंही २५५च दिला तर? काम फसलं, की कामापर्यंत पोचलोच नाही, हे नुसत्या आकड्यावरून कळायची सोय नाही. या दोन्हींवरचे उपाय मात्र वेगळे. पहिल्यात स्क्रिप्ट दुरुस्त करायची, दुसऱ्यात नेटवर्कवाल्याला उठवायचं.

एवढी बारीक चौकशी करतंय कोण म्हणा! लोक एकाच एसएसएचमध्ये अर्धविराम देऊन सात कमांड कोंबतात आणि सातवी काय, तर 'डन' असं छापणे. एक्झिट कोड मिळतो तो शेवटच्या कमांडचा. 'डन' छापायला असं काय लागतं? ते छापलं जातंच. आधीच्या सहाजणी तिकडे उताण्या पडल्या असल्या तरी इकडे 'डन'.

याहून मोठं लफडं ऐका. चाळीस सर्व्हरची नावं एका फाइलमध्ये. लूप लावायचा, एकेक नाव वाचायचं, एसएसएचनं आत शिरायचं, पॅच लावायचा. चालवलं. पहिल्या सर्व्हरवर पॅच लागला आणि लूप संपला. एरर? छे, नाव नको! झालं असं, की एसएसएचला समोर इनपुट दिसलं की ते पलीकडच्या मशीनला नेऊन देतं. लूप जिथून नावं वाचत होता तेच ते इनपुट. उरलेली एकोणचाळीस नावं त्यानं पहिल्याच फेरीत पळवली. लूपनं पाहिलं, वाचायला काही उरलं नाही, म्हणजे काम फत्ते. एसएसएचला 'हायफन एन' एवढं लावलं असतं तर हे टळतं. पण एकोणचाळीस सर्व्हर उघडे बसलेले आणि अहवालात 'नो एरर्स'. त्याला खोटं तरी कसं म्हणायचं? एरर आलीच नव्हती!

बॅकअपच्या बाबतीत तर लोकांनी सोडलीच आहे. डेटाबेसचा डंप काढायचा, पाइपमधून जीझिपला द्यायचा, फाइल ठेवायची, ही साधी एका ओळीची रीत. मध्यंतरी पासवर्ड बदलला. डंप दारातूनच परत फिरला. जीझिपला त्याचं काय? आलेलं दाबून ठेवायचं एवढंच त्याच्याकडे. काहीच आलं नाही, तर ते 'काहीच नाही' त्यानं नीट दाबून ठेवलं. पाइपचा निकाल शेवटच्या कमांडवरून लागतो. जीझिपचा शून्य, म्हणून सगळ्या ओळीचा शून्य, म्हणून हिरवं. रोज रात्री नवी फाइल, नावात तारीख झोकात, फोल्डर भरलेलं. त्या फोल्डरची यादी आकारासकट बघायची तसदी कुणी घेतलीच, तर उजव्या कडेला एकाखाली एक २०, २०, २०, २०. बाइट हो, एमबी नव्हे! रिकाम्या इनपुटचं जीझिप केलं की बरोब्बर वीस बाइट होतात. बॅशमध्ये 'पाइपफेल' नावाचा पर्याय लावला की पाइपमधल्या कुणाचंही पितळ उघडं पडतं. पण तो आपणहून चालू नसतो, आणि आपणहून पितळ उघडं पाडणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

आता जुनी माणसं नाकं मुरडतील, की ही तरुण पोरं वाया गेली. अहो, सुरुवात तुमच्याच काळात झाली! व्हिज्युअल बेसिकमध्ये 'ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट' असं लिहून अख्खे पगारपत्रकाचे प्रोग्राम कुणी चालवले? चूक झाली तरी पुढच्या ओळीवर चला, असा त्यात भाषेचाच आशीर्वाद. पॉवरशेलवाल्यांनी तेच 'सायलेंटली कंटिन्यू' असं गोड करून घेतलं. पायथनवाले 'एक्सेप्ट' लिहून खाली 'पास' लिहितात. ठरल्या वेळी आपोआप स्क्रिप्ट चालवणारा तो क्रॉन; क्रॉनवाल्यांची तर परंपराच आहे, जे काही बोलायचं ते डेव्ह-नलच्या बिनतळाच्या विहिरीत बोल. वेबवरून पानं आणून देणारा कर्ल हा तसा सभ्य, पण सर्व्हरनं ४०४ म्हणून हाकलून दिलं तरी 'हायफन एफ' सांगितल्याशिवाय तो शून्यच परत आणतो. त्यातून ज्यांना कर्लनं आणलेलं थेट बॅशच्या तोंडात द्यायची खोड आहे, त्यांच्या सर्व्हरवर 'पान सापडले नाही' हे पानच कमांड म्हणून चालवलं जातं.

मात्र ओठ घट्ट मिटल्यानं काय होतं ते २०१५ च्या जानेवारीत साऱ्या जगानं पाहिलं. स्टीम हे गेमचं दुकान, त्याचं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर, लोकांच्या घरच्या मशीनवर चालणारी स्क्रिप्ट. आपण कुठल्या फोल्डरात आहोत ते ती आधी शोधायची आणि एका व्हेरिएबलमध्ये ठेवायची. एका माणसाकडे शोध फसला, व्हेरिएबल रिकामं राहिलं, स्क्रिप्टनं हूं की चूं केलं नाही. पुढे ओळ होती त्या फोल्डरातलं सगळं पुसून टाकण्याची. फोल्डरचं नाव रिकामं, उरली नुसती तिरपी रेघ, म्हणजे मशीनचं मूळ! त्याच्या फायली गेल्या, बॅकअप ठेवलेली बाहेरची डिस्क जोडलेली होती, तीही धुऊन निघाली. आणि कळस म्हणजे, त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानं स्वतःच शेरा मारून ठेवला होता, 'स्केरी!'. म्हणजे भीती वाटली होती; फक्त ती ज्याला कळवायला हवी त्याला सोडून सोर्स कोडला कळवली.

या प्रकारानं हादरलेल्यांचा एक कर्मठ पंथ आहे. स्क्रिप्टच्या कपाळावर 'सेट हायफन ई' लावल्याशिवाय ते पाण्याला शिवत नाहीत. कुठलीही कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबणार. ऐकायला सोवळं आहे, पण सोवळ्याला पळवाटा फार. 'इफ'च्या अटीत एखादं फंक्शन बोलावलं की त्या फंक्शनच्या आत हा नियम चक्क झोपतो. 'लोकल' म्हणून व्हेरिएबल जाहीर करताना त्याच ओळीत कमांड चालवली, तर कमांडचं अपयश झाकून 'लोकल'चं यश पुढे येतं. गंध लावलं म्हणून पाप थोडंच लपतं?

इथपर्यंत झाली गल्लीतली कुजबुज. आता मोठ्या घरच्या गोष्टी, आणि या काही मी माझ्या पदरच्या सांगत नाही. त्यांनी स्वतःच किंवा सरकारनं चारचौघांत मांडलेल्या आहेत.

३१ जानेवारी २०१७. गिटलॅब, लोकांचा कोड सांभाळणारी कंपनी. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या इंजिनिअरनं दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसायला घेतलं. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, हात आखडला, पण जवळपास ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. असू दे, माणूस आहे, चुकतो. बॅकअप आहेत की! बघायला गेले तर बॅकअपची जागा रिकामी. रोजचा डंप घेणारी स्क्रिप्ट दुसऱ्या सर्व्हरवरून चालायची. तिथे हत्यार पोस्टग्रेस ९.२ चं आणि डेटाबेस ९.६ चा. हत्यारानं कामाला नकार दिला आणि एरर देऊन बाजूला झालं. आता ऐका, यातली खरी मेख पुढेच आहे. क्रॉननं एररची ईमेल इमानेइतबारे पाठवली होती! पण त्या ईमेलना डीमार्क ही ओळख पटवण्याची व्यवस्था लावलेली नव्हती, म्हणून घेणाऱ्या मेल सर्व्हरनं तोतया समजून त्या दारातून परत लावल्या. स्क्रिप्ट ओरडली, निरोप्या निघाला, आणि आपल्याच दारावरच्या पहारेकऱ्यानं त्याला हाकलला. शेवटी वाचवलं कुणी, तर त्याच इंजिनिअरनं सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हातानं घेतलेल्या एका स्नॅपशॉटनं. आणि पुढचा निर्लज्जपणा तर बघा! झाकायचं सोडून त्यांनी दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, टिपणं सगळ्यांना खुली केली, चूक कशी झाली ते तासातासाचं लिहून छापलं. आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर एचआरनं आधी कॅमेराच काढून घेतला असता.

दुसरं घर त्याहून श्रीमंत. नाइट कॅपिटल, अमेरिकेतली शेअर बाजाराची बडी पेढी. १ ऑगस्ट २०१२. आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायचा होता, सातांवर टाकला, आठवा राहिला, आणि दुसऱ्या कुणी तपासलं नाही. त्या आठव्यात 'पॉवर पेग' नावाचा, २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड निजलेला. नव्या कोडनं जुन्याचीच एक खूण पुन्हा वापरली होती, त्या खुणेनं म्हातारा जागा झाला. बाजार साडेनऊला उघडला आणि साधारण ४५ मिनिटांत ४० लाखांवर सौदे! तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर. गोंधळात त्यांनी काय करावं? ज्या सात सर्व्हरवर बरोबर कोड होता तिथलाच काढला. आता आठही ठिकाणी म्हातारे जागे. अमेरिकेच्या एसईसीनं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकानं, पुढच्या वर्षी १.२ कोटी डॉलरचा दंड ठोकला तेव्हा आदेशात एक गोष्ट आली, ती वाचून मी कपाळाला हात लावला. बाजार उघडण्याआधी, आठ वाजल्यापासून, त्यांच्याच यंत्रणेनं त्यांच्याच लोकांना ९७ ईमेल पाठवल्या होत्या, त्यांत 'पॉवर पेग' हे नाव होतं, आणि एरर आहे असंही होतं. पण असल्या ईमेल इशारा म्हणून वाचायच्याच नसतात, अशी तिथली पद्धत. गिटलॅबकडे निरोप पोचला नाही. इथे पोचला, सत्त्याण्णव वेळा पोचला, आणि कुणाचाच नव्हता.

यावरून शहाणपण काय घ्यावं, तर लोकांनी दुसरीच टूम काढली. आता सगळं सगळ्यांना कळवायचं! चॅटवर 'प्रॉड अलर्ट्स' नावाचा चॅनेल काढायचा, त्यात दोनशे माणसं घालायची आणि यंत्राला मोकळं सोडायचं. डिस्क ७० टक्के भरली, कळवा. एक रिक्वेस्ट जरा उशिरा आली, कळवा. स्क्रिप्ट सुरू झाली, कळवा. नीट संपली, तेही कळवा, वर फुगे आणि टाळ्या. आठवड्याभरात एकशे नव्व्याण्णव जण चॅनेल म्यूट करतात, आणि उरलेला एक सुट्टीवर असतो. दोनशे जणांना कळवणं म्हणजे कुणालाच न कळवण्याची प्रतिष्ठित पद्धत. शिवाय नंतर 'आम्ही तर सांगितलं होतं' म्हणायची सोय.

सांगण्यातही पुन्हा तऱ्हा. दुसऱ्या डोमेनवरून आणलेली जावास्क्रिप्ट फसली, तर ब्राउझर तुमच्या पानाला एवढंच सांगतो, 'स्क्रिप्ट एरर'. ओळ क्रमांक शून्य, फाइलचं नाव कोरं. त्याचंही बरोबर आहे, एररच्या मजकुरातून दुसऱ्या साइटचं गुपित फुटू नये म्हणून तो जीभ चावतो; दोन्ही बाजूंनी रीतसर परवानगी लावली की तपशील देतो. आणि याच्या दुसऱ्या टोकाला ते बडबडे, जे तपास करताना 'सेट हायफन एक्स' लावतात आणि काढायला विसरतात. मग स्क्रिप्ट आपली प्रत्येक कमांड, व्हेरिएबल उलगडून, लॉगमध्ये म्हणून दाखवते. त्यात डेटाबेसचा पासवर्डही आला. एरर कळो न कळो, पासवर्ड मात्र अख्ख्या टीमला तोंडपाठ.

या सगळ्यात काही मोजकी आगाऊ मंडळी आहेत, त्यांची थेरं निराळीच. त्यांच्या स्क्रिप्टला 'ट्रॅप' लावलेला असतो, आणि फसली की ती एकाच माणसाला, त्या आठवड्यात ज्याची पाळी त्याला, निरोप देते. कुठल्या मशीनवर, कितव्या ओळीवर, कुठली कमांड, कितीचा कोड, स्टँडर्ड एररच्या शेवटच्या चार ओळी, आणि आता काय करायचं ते. 'पोचलोच नाही' आणि 'पोचलो पण फसलं' हे ते वेगवेगळं मोजतात. ते 'दोन उभ्या रेघा ट्रू' वापरतातच, पण शेजारी कारण लिहून, की ही फाइल कधीकधी नसते आणि नसली तरी चालते. त्यांची सगळ्यात निर्लज्ज गोष्ट म्हणजे ते स्क्रिप्टच्या तक्रारीवर विसंबतच नाहीत. काम नीट झालं की स्क्रिप्टनं एका तिसऱ्याच ठिकाणी हजेरी लावायची. ठरल्या वेळेत हजेरी आली नाही की तिथून फोन. मशीन बंद पडलं, क्रॉन चाललाच नाही, ईमेल दारातून परत गेली, तरी बिंग फुटतंच, कारण शांतता हीच तक्रार धरलेली. गिटलॅबच्या घरी हे असतं तर पहिल्याच रात्री बोभाटा झाला असता.

आणि आता अगदी ताजी बातमी, मगरपट्ट्याहून. एका टीमनं म्हणे भर दुपारी, सगळे जागेवर असताना, बॅकअपची स्क्रिप्ट मुद्दाम पाडली, फोन कुणाला जातो ते बघायला! फोन गेला गुहागरला. तिथे दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून होमस्टे काढलेला त्यांचा जुना इंजिनिअर पाहुण्यांना मोदक वाढत होता. त्यानं मोदकाचं ताट बाजूला ठेवलं, एरर वाचून दाखवायला सांगितली आणि म्हणाला, पासवर्ड बदलला असेल, तो माझ्या नावानं आहे, थांबा, मला आठवतोय. सगळ्यांदेखत स्पीकरवर सांगितलान. चालला! आता टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, त्याचं नाव तातडीनं काढा. दुसरा म्हणतो, आधी त्याला विचारा, गेल्या दीड वर्षात आणखी किती फोन आले होते.